वेग किती मजल्यांचा?

खालापूर तालुक्यात ताशी शंभर किलोमीटरचा वेग दोन ठिकाणी बघायला मिळतो. एक मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर, म्हणजे आपण सगळे ज्याला नुसतं ‘एक्स्प्रेस वे’ म्हणतो तिथं. दुसरा तिथून फार लांब नाही. खोपोली-पाली रस्त्यावर सांगडेवाडीला इमॅजिका आहे ना, तिथल्या ‘नायट्रो’ नावाच्या रोलर कोस्टरवर. नायट्रोत बसणाऱ्याच्या पायाखाली तळच नसतो. पाय हवेत लोंबकळतात, गाडी पाच वेळा उलटीपालटी होते, वेग शंभरच्या जरा वरच जातो आणि खाली उतरलेली मुलं लगेच विचारतात, पुन्हा बसू का?

आता त्याच वेगानं एक्स्प्रेस वेवर धावणाऱ्या गाडीला उलटंपालटं करून बघा बरं! नको, विचारसुद्धा नको.

वेग सारखाच. तालुकाही तोच. मग एका ठिकाणी किंकाळ्या मजेच्या आणि दुसऱ्या ठिकाणी अँब्युलन्स, असं का? आणि ताशी शंभरलाच इतकं जपावं लागत असेल, तर ताशी तीनशेनं पळू शकणाऱ्या, जमिनीला चिकटून बसल्यासारख्या दिसणाऱ्या स्पोर्ट्‌स कारचं काय? शनिवार-रविवारी त्या एक्स्प्रेस वेवर दिसतात. गुरगुरत येतात, ‘ती बघ, ती बघ’ म्हणेपर्यंत गेलेल्या असतात. मला त्या गाड्या मनापासून आवडतात. त्यांच्यामागचं इंजिनिअरिंग कमालीचं असतं. म्हणूनच त्यांच्याबद्दल नीट बोलूया.

सुरुवात नायट्रोपासूनच करू, कारण त्याचं एक गुपित आहे. त्याच्या गाडीला इंजिनच नाही! सुरुवातीला एक साखळी तिला सुमारे ४० मीटर उंचीवर ओढून नेते. बस्स. पुढचं सगळं काम पृथ्वी करते. गाडी खाली घसरते, उंची कमी होत जाते आणि जितकी उंची गेली तितका वेग येतो. पुन्हा वर चढली की वेग जातो आणि उंची परत येते. म्हणजे उंची आणि वेग यांची सारखी अदलाबदल चाललेली असते. शास्त्रज्ञ उंचीतल्या ऊर्जेला स्थितिज ऊर्जा म्हणतात आणि वेगातल्या ऊर्जेला गतिज ऊर्जा.

मग हे उलट का करू नये? कोणताही वेग दिला, तर तो किती उंचीवरून पडल्यावर येईल ते काढता येईलच की. त्यासाठी एक सोपी युक्ती आहे. ताशी वेगाला १०नं भागा. उत्तराचा वर्ग करा. त्याला ०.४नं गुणा. आली उंची, मीटरमध्ये.

ताशी ३० घ्या. तीनचा वर्ग नऊ, गुणिले ०.४, म्हणजे ३.६ मीटर. आपल्या घराचा एक मजला साधारण तीन मीटरचा असतो. म्हणजे ताशी ३०चा वेग झाला जेमतेम एका मजल्याचा. ताशी ६० घेतला तर १४.४ मीटर, जवळजवळ पाच मजले. वेग फक्त दुप्पट केला होता, मजले मात्र चौपटीनं वाढले! ताशी १०० म्हणजे ४० मीटर, तेरा मजले. (नायट्रोची उंची आठवली? तीही चाळीसच. त्याचा वेग शंभरच्या आसपास का असतो, ते आता कळलं.) आणि ताशी २००? १६० मीटर. त्रेपन्न मजले.

कर्जत-खोपोलीकडे त्रेपन्न मजली इमारत कुठून आणायची? पण डोंगर आहेत ना! खोपोलीत टाटांचं जलविद्युत केंद्र आहे. १९१५ साली ते सुरू झालं, मुंबईच्या गिरण्यांना वीज द्यायला. वर लोणावळ्याकडच्या तलावांतलं पाणी मोठमोठ्या पाइपांतून सुमारे पाचशे मीटर खाली आणायचं आणि त्या पाण्याच्या झोतानं चाकं फिरवायची, अशी ती योजना. घर्षण वगैरे सोडून दिलं, तर खाली पोचेपर्यंत त्या पाण्याचा वेग ताशी साडेतीनशे किलोमीटरच्या घरात जातो. शंभरहून जास्त वर्षं या वेगातून वीज निघतेय आणि काम झालेलं ते पाणी पाताळगंगेत येऊन मिळतंय. खोपोलीच्या मुलांनी हे अभिमानानं सांगावं.

आता ‘लॅम्बोर्गिनी हुराकान इव्हो’ या गाडीचा कमाल वेग बघा. ताशी ३२५ किलोमीटर. आपल्या युक्तीनं गणित करा. ४२० मीटरपेक्षा जास्त! खोपोलीतून मान वर करून खंडाळ्याकडे बघितलं तर जो डोंगर दिसतो, त्यातला बहुतेक सगळा. ती गाडी पूर्ण वेगात असताना तिच्यात आणि तिच्यात बसलेल्या माणसात जवळपास तेवढ्या कड्यावरून पडण्याची ऊर्जा भरलेली असते. रस्ता सपाट असतो, म्हणून कडा दिसत नाही. मला वेगाची सगळ्यात फसवी गोष्ट हीच वाटते. उंचावर उभं राहिलं की आपले पाय आपोआप लटपटतात, पोटात खड्डा पडतो. वेगात बसलं की तसं काहीच होत नाही. एसी चालू, गाणी चालू, गादी मऊ. शरीर सावध करतच नाही.

बरं, हा डोंगर गाडी चढते किती वेळात? इथं येते तिची ताकद, अश्वशक्ती. जेम्स वॉटनं वाफेच्या इंजिनाची ताकद लोकांना समजावी म्हणून घोड्याचं माप घेतलं, ते आजही टिकून आहे. घरातल्या लहान गाडीत ८०-९० अश्वशक्ती असते. हुराकान इव्होमध्ये ६४०.

अश्वशक्ती म्हटलं की आपल्याकडे माथेरान आठवायलाच हवं. कर्जत तालुक्यातलं हे गाव. तिथं पर्यटकांच्या मोटारी दस्तुरी नाक्यालाच थांबतात. पुढं चालत जाता येतं किंवा घोड्यावर बसता येतं. तर आता अशी कल्पना करा की दीड टनाची ती हुराकान शून्यापासून ताशी शंभरपर्यंत न्यायची आहे आणि त्यासाठी लागणारी ऊर्जा माथेरानच्या एकाच घोड्यानं द्यायची आहे. वॉटच्या मापानं घोडा न थांबता राबला, तरी त्याला तेरा मिनिटं लागतील. इंजिनाला किती लागतात? २.९ सेकंद! घरच्या छोट्या गाडीला त्याच कामाला बारा-पंधरा सेकंद लागतात.

तीन सेकंदांत तेरा मजले. या वाक्यापाशी जरा थांबा. रस्त्यावरच्या धोक्याचं मूळ इथंच आहे. साधी गाडी वेग घेते तेव्हा तिच्या चालकाला विचार करायला वेळ मिळतो, ‘फार झालं, आता पाय काढावा.’ ताकदवान गाडीत पाय जरासा जास्त दाबला, एवढ्यात पाच मजल्यांचे पंधरा होऊन बसतात. पुढच्या वळणावर टँकर आहे की बैलगाडी, ते कळायच्या आत. मागच्या चाकांना एकदम जास्त जोर मिळाला तर ती रस्त्यावरची पकड सोडतात आणि गाडीची शेपटी बाजूला फेकली जाते. हल्लीच्या गाड्यांत हे सावरायला संगणक असतो. तो चाकांना जरूर सावरतो. रस्त्याची रुंदी मात्र तो वाढवू शकत नाही.

चढलेला डोंगर उतरावाही लागतो. म्हणजे थांबावं लागतं.

समोर काहीतरी आलं हे डोळ्यांनी पाहायचं, मेंदूनं ओळखायचं, पायानं ब्रेक दाबायचा, यात साधारण दीड सेकंद जातो. चालक कितीही हुशार असू दे, गाडी कितीही कोटींची असू दे. ताशी शंभरनं या दीड सेकंदात गाडी ४२ मीटर पुढं निघून जाते. क्रिकेटची खेळपट्टी २० मीटरची, म्हणजे दोन खेळपट्ट्या, आणि ब्रेक अजून लागलेलाच नाही! मग कोरड्या रस्त्यावर चांगल्या ब्रेकनं थांबायला आणखी सुमारे ४८ मीटर. एकूण नव्वद. ताशी दोनशेला काय होतं? पहिले ८३ मीटर नुसते ‘अरे!’ म्हणण्यात जातात आणि पुढचे १९३ मीटर ब्रेक दाबण्यात. एकूण पावणेतीनशे मीटर. वेग दुप्पट, अंतर तिपटीहून जास्त. ही ब्रेकची चूक मुळीच नव्हे. स्पोर्ट्‌स कारचे ब्रेक उत्तमच असतात. पण सगळा भार शेवटी टायरवर येतो आणि एका टायरचा जेवढा भाग कोणत्याही क्षणी रस्त्याला टेकलेला असतो, तो आपल्या तळहातापेक्षा फार मोठा नसतो. चार तळहातांच्या जोरावर त्रेपन्न मजले उतरायचे.

त्यात आपल्याकडचा पाऊस! जुलैत कर्जत-खोपोलीला कसा कोसळतो ते तुम्हाला सांगायला नको. टायरवर खाचा असतात त्या कशासाठी? खालचं पाणी बाजूला ढकलायला. वेग फार वाढला की पाण्याला बाजूला सरकायला वेळच मिळत नाही. ते टायरखालीच राहतं आणि चाक रस्त्याऐवजी पाण्याच्या पातळ थरावर तरंगू लागतं. मग स्टिअरिंग फिरवा, ब्रेक दाबा, गाडी ऐकत नाही. गंमत अशी की टायर जितका रुंद, तितकं त्याच्या खालून पाणी निघून जायला अवघड. आणि स्पोर्ट्‌स कारचे टायर असतात भलते रुंद. कोरड्या रस्त्यावर जी गाडी रस्त्याला घट्ट धरून ठेवते, तीच भर पावसात घरच्या साध्या गाडीच्या आधी घसरू शकते.

ब्रेक दाबल्यावर ती ऊर्जा जाते तरी कुठं? उष्णतेत. दीड टनाची गाडी ताशी शंभरवरून थांबली की दोन लिटर पाणी उकळेल एवढी उष्णता ब्रेकमध्ये तयार होते. दोनशेवरून थांबली तर आठ लिटर, आणि तीसुद्धा सात सेकंदांत. तुमच्या घरच्या गॅसला विचारा जमतं का! आता खंडाळ्याहून खोपोलीकडे घाट उतरणारा ४० टनांचा ट्रेलर घ्या. त्याचा वेग वाढलेला नसू दे, तो सावकाश उतरू दे. तरीही पाचशे मीटर उंचीची सगळी ऊर्जा कुठंतरी जायला हवीच. हिशोब केला तर साडेसहाशे लिटर पाणी उकळेल एवढी! सगळा भार ब्रेकवर टाकला तर ते लालबुंद तापतात आणि एका क्षणी दाबून काही उपयोगच होत नाही. म्हणून जाणते ड्रायव्हर घाटात खालच्या गिअरमध्ये उतरतात आणि इंजिनालाच गाडी रोखायला लावतात. याच घाटात, म्हणजे बोरघाटात, जुन्या रस्त्यावर शिंग्रोबाचं देऊळ आहे. इंग्रजांना घाटाची वाट दाखवणाऱ्या धनगराचं ते देऊळ, अशी कथा सांगतात. कितीतरी ड्रायव्हर तिथं हात जोडून पुढं जातात. घाटाचा मान राखणारी ही माणसं आहेत.

अशा ट्रेलरच्या मागं ताशी वीस-तीसनं चाललेली वाहनं असतात आणि मागच्या वळणावरून एखादी गाडी शंभर-सव्वाशेनं येते. ती एकटी असती तर कदाचित निभावलंही असतं. पण रस्त्यावर धोका नुसत्या वेगाचा नसतो, वेगांमधल्या फरकाचाही असतो. म्हणूनच एक्स्प्रेस वेवर बोरघाटाच्या टप्प्यात कारला ताशी ६०ची मर्यादा आहे, खाली सपाटीवर १००ची. पाच मजले आणि तेरा मजले. यात आणखी मजले चढवून आपलं कसब दाखवावं, अशी ती जागाच नाही.

रेल्वेनं याच घाटाशी कसं जमवून घेतलंय ते बघण्यासारखं आहे. कर्जत स्टेशनात पुण्याकडे जाणाऱ्या बऱ्याच गाड्यांना मागून जादा इंजिनं जोडतात. त्यांना ‘बँकर’ म्हणतात. वर लोणावळ्यापर्यंतची चढण इतकी तीव्र आहे की काही ठिकाणी ३७ मीटर पुढं गेलं की गाडी एक मीटर वर चढते. १८६३ साली हा मार्ग सुरू झाला तेव्हापासून रेल्वेवाल्यांना खरी काळजी चढणाऱ्या गाडीची नव्हती, उतरणाऱ्या गाडीची होती. म्हणून खाली येणाऱ्या गाड्या घाटात थांबवून त्यांचे ब्रेक तपासतात. शिवाय ‘कॅच सायडिंग’ नावाची एक सुंदर युक्ती आहे. उतारावरून एक जादा रूळ फुटतो आणि तो चक्क उलटा, चढणीवर जातो. एखादी गाडी आवरेनाशी झाली, तर तिला त्या रुळावर घालायचं. ती वर चढते, वेगाची पुन्हा उंची होते आणि गाडी थांबते. नायट्रोचंच तत्त्व, पण माणसं वाचवण्यासाठी वापरलेलं!

नायट्रोकडेही आता नीट बघू. त्याच्या गाडीची चाकं फक्त रुळावर टेकलेली नसतात. काही रुळाच्या वर, काही बाजूला, काही खालून, अशी रुळाला तिन्हीकडून धरून असतात. खांद्यावरून जाडजूड दांडा खाली येऊन बसतो, तो अधेमधे उघडत नाही. पुढच्या टप्प्यात एखादी गाडी असेल, तर मागची तिथं शिरूच शकत नाही अशी यंत्रणा असते. समोरून कोणी येत नाही. मधेच म्हैस येत नाही. कुणी मोबाइल बघत वळण चुकवत नाही. वेग तोच, पण त्याच्या भोवती काळजीची भिंत बांधलेली असते.

स्पोर्ट्‌स कारसाठीही अशी भिंत बांधता येते. तिला रेस ट्रॅक म्हणतात. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईला आहे, ग्रेटर नोएडाला बुद्ध इंटरनॅशनल सर्किट आहे, तिथं २०११ ते २०१३ या काळात फॉर्म्युला वनच्या शर्यती झाल्या. सगळ्या गाड्या एकाच दिशेनं जातात. वळणाच्या बाहेर घसरलेल्या गाडीला थांबवणारी मोकळी जागा आणि खडी असते. त्यापलीकडे टायरांचे थर. चालकाच्या डोक्यावर हेल्मेट, अंगात न पेटणारे कपडे, जागोजागी झेंडे घेऊन उभी असलेली माणसं आणि तयार असलेले डॉक्टर. अशा ठिकाणी ताशी अडीचशे बघायला मला स्वतःला फार आवडेल. तीच गाडी तिथं शोभते. मुरबाडहून कर्जतकडे येणाऱ्या रस्त्यावर नाही.

त्या रस्त्यावर कोण असतं? भाजी घेऊन निघालेल्या ठाकर आणि कातकरी बायका, शाळेच्या पोरांचा घोळका, सायकली, रिक्षा, बकऱ्या. सात मीटर रुंदीचा रस्ता ओलांडायला आपल्याला सहा सेकंद लागतात. आपण डावीउजवीकडे बघतो आणि ठरवतो, जाऊ का थांबू. हे ठरवतो कसं? येणाऱ्या गाडीचा आकार आपल्या डोळ्यांत किती झपाट्यानं मोठा होतोय त्यावरून. आता ताशी ३०नं येणारी गाडी सहा सेकंदांवर असेल तर ती असते ५० मीटर लांब. चांगली मोठी दिसते, वाढताना दिसते. आपण थांबतो. ताशी दोनशेची गाडी सहा सेकंदांवर असेल तर ती असते तीनशेहून जास्त मीटर लांब. एक ठिपका. तो वाढतोय हेही कळत नाही. आपल्याला वाटतं, भरपूर वेळ आहे. आपण पाऊल टाकतो. ठिपका बराच वेळ ठिपकाच राहतो आणि अगदी शेवटच्या क्षणी एकदम गाडी होतो.

लंडनच्या रॉयल हॉलोवे कॉलेजातल्या संशोधकांनी २०१०च्या सुमारास मुलांवर याचे प्रयोग केले. प्राथमिक शाळेतल्या मुलांना ताशी साधारण ३२ किलोमीटरपेक्षा जास्त वेगानं येणाऱ्या गाडीचा वेग नीट ओळखताच येत नाही, असं त्यांना आढळलं. यात मुलांचा हट्टीपणा किंवा बावळटपणा काही नाही. डोळा आणि मेंदू यांची ही कुवत मोठेपणीच पुरी होते. तेव्हा ‘पोरांना रस्ता कसा ओलांडायचा कळत नाही’ असं कुणी म्हणालं, तर त्यांना हे जरूर सांगा. फेब्रुवारी २०२०मध्ये स्टॉकहोमला जगातले अनेक देश रस्ते-सुरक्षेसाठी जमले होते. जिथं माणसं आणि वाहनं एकत्र वावरतात तिथं वेग ताशी ३०च ठेवा, असं तिथल्या जाहीरनाम्यात म्हटलं आहे. एक मजला! तो आकडा उगाच आलेला नाही.

एक गोष्ट सांगायलाच हवी, जरी ती सांगताना जड जातं. १९ मे २०२४च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला एका पोर्शे गाडीनं मोटरसायकलला धडक दिली. दोन तरुण अभियंते, एक मुलगा आणि एक मुलगी, त्यात गेले. गाडी सतरा वर्षांचा मुलगा चालवत होता असं पोलिसांनी सांगितलं. ती गाडी विजेवर चालणारी होती. विजेच्या मोटरीला पूर्ण जोर पहिल्या क्षणापासून मिळतो, वेग वाढवण्यासाठी इंजिनाची वाट बघावी लागत नाही. आवाजही फारसा होत नाही. आपला कायदा अठरा वर्षांच्या आतल्या मुलाच्या हातात मोटारीची चावी देत नाही. चावी दिलीच तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास आणि २५ हजार रुपये दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, आणि त्या मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन्स नाही, असं मोटार वाहन कायद्यात २०१९पासून लिहिलेलं आहे. त्या दोघांचे आईवडील मात्र कोणत्याही शिक्षेनं पूर्वीसारखे होणार नाहीत.

पण अपघात कमी करता येतात. आपला एक्स्प्रेस वे सुधारला नाही का? सुधारलाय, आणि ते कसं झालं ते महत्त्वाचं आहे. २०१६ साली या ९४.५ किलोमीटरच्या रस्त्यावर १५१ माणसं दगावली. त्याच वर्षी रस्त्याचा कोपरान् कोपरा तपासून धोक्याच्या जागा दुरुस्त करायचं काम हाती घेतलं गेलं. कठडे, दुभाजक, पाट्या, बंद पडलेल्या ट्रकांना बाजूला काढणं, जखमींना लवकर मदत मिळणं, अशी खूप कंटाळवाणी वाटणारी कामं. पुढच्या काही वर्षांत तो आकडा शंभराच्या खाली आला. जुलै २०२४पासून रस्त्यावर कॅमेऱ्यांची नवी यंत्रणा आहे. तिच्यातला मला आवडलेला भाग म्हणजे सरासरी वेग मोजणं. कॅमेरा दिसला की वेग कमी करायचा आणि पुढं गेल्यावर पुन्हा पळवायची, ही चलाखी त्यात चालत नाही. कॅमेरे लावलेल्या दोन कमानींमधलं अंतर समजा दहा किलोमीटर धरलं आणि गाडी सहा मिनिटांत पोचली, तर वेग शंभर. चार मिनिटांत पोचली तर दीडशे. मधे कुठं ब्रेक दाबला होता ते यंत्र विचारतच नाही. चौथीच्या गणितानं पकडलेला चोर!

हे गणित तुम्हालाही करता येईल. पुढच्या वेळी गाडीनं जाल तेव्हा मागच्या सीटवर बसा आणि आधी बेल्ट लावा. (मागच्या सीटवर कशाला, असं कुणी म्हणालं तर सांगा, गाडीला जितके मजले असतात तितकेच तिच्यात बसलेल्या प्रत्येकाला असतात. गाडी थांबते तेव्हा तुम्हाला कुणी थांबवायला नको का?) मग रस्त्याकडेच्या किलोमीटरच्या पाटीपासून पुढच्या पाटीपर्यंत घड्याळात सेकंद मोजा. ३६००ला त्या सेकंदांनी भागलं की आला ताशी वेग. साठ सेकंद लागले तर वेग साठ, म्हणजे पाच मजले. छत्तीस लागले तर शंभर, म्हणजे तेरा. आणि चोवीसच लागले तर? वेग निघेल दीडशे. पंधराचा वर्ग दोनशे पंचवीस, गुणिले ०.४, नव्वद मीटर. तीस मजले. हा आकडा गाडी चालवणाऱ्या काकांना लगेच मोठ्यानं वाचून दाखवा.